वेबसाइटचं प्रमाणपत्र वाचायचं कसं, बसवायचं कसं आणि ऐन दिवाळीत संपू द्यायचं नाही ते कसं

२०२५ च्या वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. ठाण्यातल्या नौपाड्यात त्या घरगुती फराळ करून विकतात. ऑर्डर घेण्यापुरती एक छोटी वेबसाइट मी त्यांना करून दिली आहे. "भाऊजी, साइट उघडली की लाल त्रिकोण येतोय. घोडबंदरच्या एक काकू विचारतायत, तुमच्या साइटवर चोर शिरलेत का?"

चोर शिरले नव्हते. साइटचं डिजिटल प्रमाणपत्र त्या दुपारी संपलं होतं. ते आपोआप नवं व्हायला हवं होतं, पण माझ्याच एका अतिशहाणपणामुळे झालं नाही. तो अतिशहाणपणा काय ते पुढे येईलच. आधी हे प्रमाणपत्र नेमकं कशाची साक्ष देतं ते बघू, नाहीतर माझी चूकही कळायची नाही.

साक्षांकित प्रतीइतकाच अर्थ

पूर्वी नोकरीच्या अर्जाला मार्कशीटची साक्षांकित प्रत लागायची. राजपत्रित अधिकारी मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून बघायचे, सही करून शिक्का मारायचे. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की प्रत मूळ कागदाबरहुकूम आहे. मुलगा हुशार आहे, सज्जन आहे, नोकरीला लायक आहे, यातलं काहीही साहेबांनी म्हटलेलं नसायचं.

वेबसाइटचं प्रमाणपत्रही तेवढंच बोलतं: या डोमेन नावाचा, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या नावाचा, ताबा ज्याच्याकडे आहे, त्याची सार्वजनिक किल्ली ही. त्यात मोजक्या गोष्टी असतात. कुठल्या नावांना ते लागू आहे, सार्वजनिक किल्ली, कधीपासून कधीपर्यंत चालेल, कोणी दिलं, आणि देणाऱ्याची डिजिटल सही. या मांडणीला एक्स ५०९ म्हणतात आणि ती १९८८ पासूनची आहे, म्हणजे वेबपेक्षाही जुनी.

सार्वजनिक किल्लीची जोडीदार खाजगी किल्ली. ती फक्त साइटच्या सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून चालते त्या संगणकावर, राहते. खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता देणाऱ्याच्या सहीवर विश्वास का ठेवायचा? विंडोज, अँड्रॉइड, अ‍ॅपल आणि फायरफॉक्स यांच्याकडे मूळ प्रमाणपत्रांची तयार यादी असते आणि ती तुमच्या फोन किंवा संगणकात आधीच भरलेली असते. या मूळ संस्था आपली किल्ली नेटवर्कपासून तोडून कडेकोट बंदोबस्तात ठेवतात. रोजच्या सह्यांसाठी त्या मधलं प्रमाणपत्र तयार करतात आणि ते तुमच्या साइटच्या प्रमाणपत्रावर सही करतं. साइट, मधलं, मूळ अशी ही साखळी असते. मधली कडी लक्षात ठेवा, साइट बसवताना ती हमखास त्रास देते.

फोन आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणं होतं

समजा, ठाणे स्टेशनच्या पुलावर उभ्या उभ्या तुम्ही फुकटच्या वायफायवर वहिनींची साइट उघडलीत. पान दिसण्याआधी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, इतकं घडतं. तुमचा ब्राउझर एका तात्पुरत्या किल्लीचा सार्वजनिक अर्धा भाग पाठवतो आणि कुठल्या नावाची साइट हवी ते सांगतो. सर्व्हर आपल्या तात्पुरत्या किल्लीचा सार्वजनिक भाग पाठवतो, सोबत प्रमाणपत्र. शिवाय आत्तापर्यंत जे बोलणं झालं त्यावर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो. नुसतं प्रमाणपत्र कोणीही उचलून दाखवू शकतं, ते गुप्त नसतंच. ही ताजी सही मात्र खाजगी किल्ली हाताशी असल्याशिवाय करता येत नाही.

मग ब्राउझर तपासतो. पत्त्यातलं नाव प्रमाणपत्रात आहे का? आजची तारीख मुदतीत बसते का? साखळी यादीतल्या एखाद्या मुळापर्यंत पोचते का? सही जुळते का? आपली तात्पुरती किल्ली आणि समोरच्याचा सार्वजनिक भाग यांतून दोघंही आपापल्या जागी एकच गुप्त किल्ली काढतात, आणि सगळं जुळलं की पुढचा सगळा मजकूर तिने कुलूपबंद होतो. दोघांनी उघड्यावर बोलून एकच गुपित तयार करायची ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. या सगळ्या बोलण्याच्या नियमावलीला टीएलएस म्हणतात, आणि आज जिथे तिथे चालणारी तिची १.३ ही आवृत्ती २०१८ ची. आपण अजून सवयीने तिच्या जुन्या नावाने 'एसएसएल' म्हणतो, पण एसएसएल नावाची शेवटची आवृत्ती १९९६ ची आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. मजकूर प्रमाणपत्राने कुलूपबंद होत नाही, त्या क्षणी ठरलेल्या गुप्त किल्लीने होतो. प्रमाणपत्राचं काम आपण कुलूप कोणाबरोबर लावतोय हे सांगण्याचं. ते नसेल तर मधे बसलेल्या भामट्याबरोबरच तुम्ही छानपैकी गुप्त गप्पा माराल. आणि कुलूप लागलं तरी वायफायवाल्याला तुम्ही कुठल्या नावाच्या साइटवर गेलात ते बहुधा कळतंच. आत काय बोललात ते कळत नाही.

साक्ष देणाराच चुकला तर?

असं झालेलं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्र संस्थेत घुसखोरी झाली. गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं आणि ते इराणमधल्या लोकांची पत्रं चोरून वाचायला वापरलं गेलं. संस्था त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीत निघाली. आपल्याकडचंही उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलला आढळलं, आणि त्या यंत्रणेची मधली प्रमाणपत्रं दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली.

यातून सर्वांना बघता येतील अशा नोंदवह्यांची पद्धत रूढ झाली. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र या वह्यांत नोंदवायचं, आणि वही अशी की ओळ मागाहून खोडता येत नाही. २०१८ पासून क्रोम नव्या प्रमाणपत्रांना ही नोंद मागतो. तुमच्या नावावर कोणी गुपचूप प्रमाणपत्र काढलं, तर ते वहीत दिसणारच. बघायला कोणीतरी हवं, एवढंच.

प्रमाणपत्र स्वतः वाचा

संगणकावर क्रोम उघडा. पत्त्याच्या डावीकडे पूर्वी कुलूप असायचं. २०२३ मध्ये ते काढून दोन आडव्या सरकपट्ट्यांसारखं चिन्ह ठेवलं, कारण कुलूप दिसलं की माणसं 'साइट विश्वासू आहे' असं समजायची. त्यावर क्लिक करा, जोडणी सुरक्षित असल्याची ओळ दाबा, मग प्रमाणपत्राची ओळ. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा. तिथून 'अधिक माहिती' आणि पुढे प्रमाणपत्र. उघडलेल्या खिडकीत तीन गोष्टी बघा: कोणाला दिलं, कोणी दिलं, कधीपर्यंत.

'कोणी दिलं' ही ओळ ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर एकदा जरूर वाचावी. तिथे नेहमीच्या संस्थेऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर मधे त्यांचं यंत्र बसलंय आणि ते मजकूर उघडून तपासून पुढे पाठवतंय. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीने असं करणं नवलाचं नाही. मी मात्र बँकेचं काम स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावरच करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव वाचणं. पत्त्यात एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा. तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचत या. मालक कोण ते या शेवटच्या तुकड्यांत असतं. 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल' हा मेसेज बहुतेकांना येऊन गेलाय. महावितरणची साइट महाडिस्कॉम डॉट इन. पण 'महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिलभरणा डॉट अमुकतमुक' असं असेल, तर मालक 'बिलभरणा डॉट अमुकतमुक'वाला आहे. पुढचं महाडिस्कॉम त्याने स्वतःच लिहिलंय, ते लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या बनावट साइटचं प्रमाणपत्र मात्र शंभर टक्के खरं असेल! फुकट मिळतं, काही मिनिटांत मिळतं, आणि ते खोटं बोलत नाही. त्या नावाचा ताबा भामट्याकडेच आहे, एवढंच ते सांगतंय.

महापालिकेच्या करासाठी शेवट 'गव्ह डॉट इन' असा हवा. ठाण्याची साइट ठाणेसिटी डॉट गव्ह डॉट इन, नवी मुंबईची एनएमएमसी डॉट गव्ह डॉट इन. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा राखीव शेवट ठरवला आणि तिकडे जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा नियम सहकारी बँकांनाही आहे. आईबाबांना शिकवायला यापेक्षा सोपी खूण मिळायची नाही. पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आणि लाल त्रिकोण आला तर? आधी फोनची तारीख-वेळ बघा. ती चुकली की चांगल्या साइटही मुदत संपल्यासारख्या दिसतात. 'नाव जुळत नाही' असं आलं, तर बऱ्याचदा साइटवाल्याने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशी दोन्ही नावं प्रमाणपत्रात घातलेली नसतात. 'देणारा अनोळखी' ही सूचना घरच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर येणारच, ते ठीक. हॉटेलच्या वायफायवर बँक उघडताना आली, तर पान बंद करा आणि मोबाइल डेटावर जा. 'तरीही पुढे जा' हे बटण बँकेसाठी नाही, इतका नियम पुरे.

स्वतःच्या साइटला बसवताना

वाशीच्या मसाला मार्केटमधले एक व्यापारी मला म्हणाले होते, "डिजिटल सर्टिफिकेट आहेच की आमच्याकडे, सीएने पेनड्राइव्हमध्ये दिलंय." ते डीएससी. जीएसटी किंवा टेंडरच्या कागदांवर माणसाने सही करायची ती वस्तू, २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना मिळालेल्या संस्थांकडून मिळणारी. गणित त्याच जातीचं, पण वेबसाइटला ती चालत नाही.

पहिली पायरी कंटाळवाणी, म्हणून लोक ती गाळतात. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आहे का ते बघा. साइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. प्रमाणपत्र देणारी संस्था फक्त ताबा तपासते, तेव्हा डोमेनच्या खात्यात जो शिरेल त्याला तुमच्या नावाचं खरं प्रमाणपत्र मिळेल. त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावाच.

दुसरी पायरी, कुठलं घ्यायचं. साधं डोमेनपुरतं असतं, कंपनीची कागदपत्रं बघून देतात ते असतं, आणि आणखी कडक तपासणीचं महागडं. महागड्याने पूर्वी पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरवं दिसायचं. २०१७ मध्ये एका संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकीत 'स्ट्राइप' याच नावाची दुसरी कंपनी नोंदवून तसं प्रमाणपत्र रीतसर मिळवून दाखवलं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते नाव पट्टीतून काढलं. कुलुपाची ताकद तिन्हींत सारखीच. फराळाच्या, क्लासच्या, सोसायटीच्या साइटला फुकटचं साधं पुरतं. त्यासाठी वर्षाला हजारो रुपये मागणारा विक्रेता भेटला, तर चहा पाजून परत पाठवा.

तिसरी पायरी प्रत्यक्ष घेण्याची. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी ना-नफा सेवा २०१५ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुली झाली. तिचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला घेतलेली भाड्याची जागा; बहुतेक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एसएसएलचा विभाग असतो, तिथे डोमेन निवडून चालू करायचं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं नावही निवडा. ताबा पडताळायच्या दोन प्रचलित रीती आहेत. एकीत सर्व्हरवर ठरावीक जागी ठरावीक मजकुराची फाइल ठेवली जाते आणि संस्था बाहेरून येऊन ती वाचते. दुसरीत डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक पत्तेवहीत, एक मजकूर-नोंद घालायची. एका पातळीवरच्या सगळ्या उपनावांना चालणारं ताऱ्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून हवं असेल, तर दुसरीच रीत लागते. खाजगी किल्ली सर्व्हरवरच तयार झाली पाहिजे. कोणी ती झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर ती खाजगी राहिलेली नाही. नवी करा.

मग मधली कडी. स्वतः हाताने बसवत असाल तर साइटच्या प्रमाणपत्राखाली मधलंही जोडलेली पूर्ण साखळीची फाइल द्या. नाहीतर तुमच्या संगणकावर सगळं व्यवस्थित, आणि काही फोनवर किंवा पेमेंटच्या यंत्रणेत मात्र अडतं. संगणकाचा ब्राउझर बऱ्याचदा हरवलेली कडी स्वतः शोधून आणतो, त्यामुळे आपल्याला दोष दिसतच नाही. एसएसएल लॅब्जच्या फुकट चाचणीत साइटचं नाव टाका, कडी तुटली असेल तर तिथे सांगतात.

त्यानंतर साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जुन्या मार्गाने, येणाऱ्यांना कायमस्वरूपी एचटीटीपीएसकडे वळवा. एचटीटीपीचं दार, म्हणजे पोर्ट ८०, बंद मात्र करू नका. फाइलवाली तपासणी त्याच दारातून येते. जुन्या पानांत फोटोंचे पत्ते एचटीटीपीने लिहिलेले असतील तर तेही बदला.

एचएसटीएस ही सेटिंग जरा जपून. साइट ब्राउझरला सांगते, 'यापुढे इतके सेकंद माझ्याकडे सुरक्षित मार्गानेच ये.' सुरुवातीला ३०० सेकंद ठेवा, महिनाभर सगळं सुरळीत चाललं की वर्षभराचे ३,१५,३६,००० करा. एकदा ती लागली की प्रमाणपत्र बिघडल्यावर ग्राहकाला 'तरीही पुढे जा' हे बटणच मिळत नाही. तिचा उपयोग तोच, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमची कोंडी झाली तीही त्यामुळेच.

माझा अतिशहाणपणा

झालं होतं असं. सप्टेंबरात साइटच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये परदेशातून कचरा यायला लागला. मी विचार केला, नौपाड्याचे अनारसे मागवायला कुठल्या देशातून कोण येणार? फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या दारावरच्या पहारेकऱ्याला सांगून, भारताबाहेरच्या सगळ्यांना बंदी केली आणि हात झटकले. पण लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून तुमची फाइल एकाच ठिकाणाहून वाचत नाही. जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचते, म्हणजे एखाद्या वाटेवर कोणी फसवाफसवी केली तरी पकडली जाईल. ती सगळी ठिकाणं मी दाराबाहेर उभी केली होती. नूतनीकरण रोज प्रयत्न करत होतं, रोज अपयशी होत होतं, आणि तशी नोंदही सर्व्हरवर होत होती. ती वाचायला कोणी नव्हतं. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायचं, जून २०२५ पासून तेही बंद झालंय. मला बातमी ठाऊक होती, तरी मी पर्याय केला नव्हता.

बंदी उठवली, नूतनीकरण पुन्हा चालवलं, दोन मिनिटांत नवं प्रमाणपत्र आलं. तेवढ्या दोन तासांत किती ऑर्डर गेल्या ते वहिनींनी मला अजून सांगितलेलं नाही, फक्त त्या वर्षी माझ्या डब्यात चकल्या कमी होत्या.

आता मी तीन गोष्टी करतो. नूतनीकरण मुदतीच्या महिनाभर आधी सुरू होईल असं ठेवलंय, म्हणजे बिघडलं तरी दुरुस्तीला वेळ राहतो. बाहेरून तारीख तपासणारी एक सेवा लावली आहे, १५ दिवस उरले की ती मला आणि वहिनींना दोघांनाही कळवते. वहिनींना कळवणं हाच त्यातला परिणामकारक भाग. आणि फायरवॉल किंवा डीएनएसला हात लावला की त्याच दिवशी नूतनीकरणाची कोरडी चाचणी घेतो, म्हणजे खरं प्रमाणपत्र न घेता नुसती रंगीत तालीम.

हाताने नवं करणाऱ्यांनी ही सवय आताच सोडावी. पूर्वी प्रमाणपत्र ३९८ दिवसांपर्यंत चालायचं. ब्राउझर आणि प्रमाणपत्र संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून दिलेल्यांना कमाल २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. वर्षातून आठ वेळा कोण आठवणीने पॅनेल उघडणार?

शेवटची दोन कामं

डीएनएसमध्ये सीएए नावाची एक नोंद घाला: माझ्या डोमेनला फक्त अमुक संस्थेनेच प्रमाणपत्र द्यावं. २०१७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक संस्थेला ती नोंद तपासणं बंधनकारक आहे. उद्या संस्था बदललीत, तर आधी ही नोंद बदला, नाहीतर नवी संस्था नकार देईल आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसाल.

आणि सीआरटी डॉट एसएच या साइटवर आपलं डोमेन शोधा. सार्वजनिक नोंदवह्यांतली तुमच्या नावाची सगळी प्रमाणपत्रं तारखेसकट दिसतील. अनोळखी संस्थेने दिलेलं काही दिसलं, तर आधी होस्टिंगवाल्याला विचारा. बऱ्याचदा त्यांनीच पर्यायी म्हणून घेतलेलं असतं. त्यांचं नसेल तर डोमेनच्या खात्याचा पासवर्ड लगेच बदला आणि देणाऱ्या संस्थेला ते रद्द करायला सांगा. वहिनींच्या यादीत मला तसं काही सापडलं नाही. सापडलं ते मी दोन वर्षांपूर्वी प्रयोगासाठी काढलेलं एक उपनाव, मागे जुनी पानं तशीच चालू, पासवर्डही न लावलेला. प्रमाणपत्र घेतलं त्या दिवसापासून ते नाव कोणालाही वाचता येत होतं. ते त्याच रात्री बंद केलं.